जपानी भटजी

नव्या माणसाला ते पहिला प्रश्न रक्तगटाचा विचारत. नाव, गाव, अनुभव हे सगळं नंतर. बहरीनमध्ये, मनामातल्या एका जहाजदुरुस्तीच्या कंपनीत मी रुजू झालो, त्या दिवशी ते माझ्या टेबलापाशी आले, कमरेत वाकले आणि अतिशय अदबीने म्हणाले, "ब्लड टाइप, प्लीज." मला वाटलं, मेडिकलचा एखादा फॉर्म भरायचा राहिला असेल. मी "बी पॉझिटिव्ह" म्हणालो. त्यांचा चेहरा किंचित पडला.

"बी," ते म्हणाले. "ठीक आहे. आपण दोघं प्रयत्न करू."

जपानात बी गटाची माणसं हट्टी, आपल्याच तंद्रीत राहणारी समजतात, हे मला नंतर कळलं. घरी येऊन मी ही गंमत बायकोला सांगितली, तर ती म्हणाली, "एवढ्या लांबून येऊन त्यांना बरोबर कळलं, आणि माझ्या वडिलांना सांगलीत बसून कळलं नाही."

ते आमच्याकडे इंजिनांची तपासणी करत. साठीच्या आसपासचे, बारीक, इस्त्रीच्या अर्ध्या बाह्यांच्या शर्टातले. ऑफिसातली मल्याळी मंडळी त्यांना 'गुरुजी' म्हणत. माझी बायको मात्र पहिल्या दिवसापासून 'तुमचे जपानी भटजी' म्हणायची, आणि आमच्या घरात तेच नाव राहिलं. या वर्षी त्यांच्या भाचीचं पत्र आलं. ते गेले. पत्र इंग्रजीत होतं, चार ओळींचं, आणि मामा तुमच्याविषयी बोलत असत एवढंच त्यात माझ्यासाठी होतं. काय बोलत असत, ते लिहिलेलं नव्हतं.

त्यांच्या टेबलावर दोन कॅलेंडरं असत. उजवीकडचं कंपनीचं. डावीकडचं जपानहून मागवलेलं, त्यात प्रत्येक तारखेखाली दोन बारीक अक्षरं छापलेली. सहा जातींचे दिवस आळीपाळीने येतात, त्यांची ती नावं. एक दिवस सगळ्याला चांगला. एक बुद्धाच्या निर्वाणाचा, त्या दिवशी जपानात लग्नाचे हॉल ओस पडतात. एका जातीचा दिवस सकाळी चांगला आणि दुपारी वाईट. त्या दिवशी त्यांची सही हवी असेल तर बाराच्या आत जावं लागे, आणि हे गोदीत येणाऱ्या ग्रीक कप्तानांनासुद्धा माहीत झालं होतं.

सुट्टीवरून येताना ते देवळातल्या भविष्याच्या चिठ्ठ्या आणत. लाकडी डबा हलवून एक चिठ्ठी काढायची. चांगली निघाली तर खिशात ठेवायची, वाईट निघाली तर झाडाला बांधून यायची, म्हणजे वाईट तिथेच राहतं. मनामात देऊळही नव्हतं आणि त्याचं झाडही नव्हतं, म्हणून आमच्या पार्किंगमधल्या कडुनिंबाला चिठ्ठ्या लटकू लागल्या. आमचे बहरीनी मॅनेजर भले गृहस्थ होते. ते एकदा झाडाखाली थांबले, वर बघितलं आणि म्हणाले, "गुरुजी, मी काही पाहिलेलं नाही. पण गेटवरून दिसतंय. यल्ला, काढा." त्यानंतर चिठ्ठ्या झाडाच्या मागच्या बाजूला बांधल्या जाऊ लागल्या.

मी एकदा त्यांना सरळ विचारलं, "तुम्ही इंजिनिअर. हे सगळं खरंच मानता?"

ते बराच वेळ विचार करून इंग्रजीत बोलत, एकेक शब्द ठेवल्यासारखा. म्हणाले, "इंजिन का बंद पडलं, ते मी सांगू शकतो. माझ्याच बोटीवर का, आणि आजच का, हे विचारायला माणूस दुसऱ्या टेबलाकडे जातो."

हे दुसरं टेबल त्यांच्या गावात खरोखर होतं. स्टेशनच्या बाहेर, दुकानं बंद व्हायच्या सुमारास, एक बाई घडीचं टेबल मांडून त्यावर कागदी दिवा ठेवून बसायची. समोर रांग. बँकेतले साहेब, ऑफिसातल्या मुली, सगळे हात पुढे करायला उभे. "यातल्या कुणालाही विचारा," ते म्हणाले, "तो सांगेल, मी धर्म वगैरे काही मानत नाही. मग त्याला म्हणा, ज्या घरात कुणी एकटं मेलंय ते घर अर्ध्या भाड्यात देतो. बघा घेतो का."

त्यांचे वडील गेल्यावर त्यांची आई त्यांना घेऊन देशाच्या पार उत्तरेला गेली होती. तिथे आंधळ्या बायका मेलेल्या माणसांना आपल्या अंगात बोलावतात. म्हातारीने माळ घासली, पुटपुटली आणि वडील बोलू लागले. पण वडील होते ओसाकाचे, आणि बोलले ते त्या उत्तरेकडच्या खेडवळ बोलीत.

"आईच्या लक्षात आलं नाही?" मी विचारलं.

"आई शाळेत भाषा शिकवायची," ते म्हणाले. "येताना गाडीत तिने दोन डबे खाल्ले. तीन महिन्यांनी पहिल्यांदा."

दिशा हा त्यांचा खास विषय. जन्मवर्षावरून प्रत्येकाचा एक तारा ठरतो, नऊपैकी एक, आणि त्या ताऱ्याला दर वर्षी, दर महिन्याला काही दिशा वर्ज्य असतात. त्या दिशेला घर बदलायचं नाही, लांबचा प्रवास करायचा नाही. गेलंच पाहिजे असेल तर आधी दुसऱ्या दिशेला जायचं, तिथे पाच रात्री काढायच्या आणि तिथून वळून मुक्काम गाठायचा. जपान बहरीनपासून ईशान्येला. ईशान्य म्हणजे त्यांच्याकडे भुतांचं दार. त्यामुळे ते घरी जाताना दर वेळी आधी पूर्वेला, जपानच्या सरळ खाली असलेल्या एका बेटावर पाच रात्री राहत आणि मग उत्तरेला वर जात. सुट्टीतले पाच दिवस असे जात. त्यांची एकुलती एक बहीण यावरून त्यांच्याशी भांडत असे.

आमच्या घरी यायचं तरी हीच तऱ्हा. ते जुफैरला राहत, आम्ही झिंजला. गाडीने दहा मिनिटांचा रस्ता, पण नैऋत्येचा, आणि नैऋत्य म्हणजे भुतांचं मागचं दार. म्हणून ते आधी पश्चिमेला गुदैबियात जात, तिथे चहा घेत आणि मग दक्षिणेला वळून आमच्याकडे येत. एक कप चहा पाच रात्रींच्या जागी चालतो का, असं मी विचारलं तेव्हा म्हणाले, "जेवणापुरता चालतो."

पहिल्यांदा आले तेव्हा बूट काढून आत आले आणि हॉलच्या कोपऱ्यातलं आमचं देवघर बघून जागीच उभे राहिले. खिशातून होकायंत्र काढून खात्री केली.

"ओकुसान," ते माझ्या बायकोला म्हणाले. वहिनी म्हणावं तसा तो शब्द. "हा ईशान्य कोपरा. इथून भुतं आत येतात."

मी मराठीत सांगितलं. ती हातातली वाटी तशीच धरून म्हणाली, "आमच्याकडे ईशान्येलाच देव बसवतात. आणि भुतं तिथूनच येत असतील तर बरंच झालं की. देव दारातच बसलाय. येणाऱ्याला विचारेल, कोण पाहिजे."

मी ते इंग्रजीत केलं. ते इतके हसले की त्यांना खाली बसावं लागलं. पुढे जपानहून येताना त्यांनी त्या देवघरासाठी चंदनाच्या उदबत्त्यांचा पुडा आणला, आणि मग दर वर्षी आणला.

असे ते महिन्यातून दोनदा तरी येत. 'बास' आणि 'अजून' हे दोन शब्द ते तिच्याकडून शिकले होते, आणि आमटीच्या बाबतीत ते दुसराच वापरत. जेवण झालं की ती त्यांच्यापुढे हात धरायची आणि म्हणायची, "सांगा भटजी, जावई कसा मिळेल?" आम्हाला मूलबाळ नाही, हे त्यांना माहीत होतं. ते हात नीट बघून गंभीरपणे सांगत, "उंच. चष्मा. थोडा आळशी." ती मला म्हणायची, "बघा, असला नको होता मला." त्या घरात आता मी एकटाच राहतो. जेवणाच्या टेबलाला खुर्च्या तीनच ठेवल्या आहेत, त्या काढवत नाहीत.

तिच्या हृदयाच्या झडपेचं दुखणं जुनं होतं. एका उन्हाळ्यात ते वाढलं. ऑपरेशन मुंबईला करायचं ठरलं, कारण तिची बहीण ठाण्यात होती. तिकीट काढल्याचं मी ऑफिसात सहज बोललो. त्या संध्याकाळी ते न सांगता आले. काखेत नकाशाची गुंडाळी, हातात पारदर्शक प्लास्टिकची एक चकती, तिच्यावर दिशांचे भाग आखलेले. तिचं सीपीआर कार्ड, म्हणजे बहरीनचं ओळखपत्र, मागून घेतलं, जन्मतारीख लिहून घेतली. नकाशा जेवणाच्या टेबलावर पसरला, बहरीनवर चकती ठेवली, मुंबईपर्यंत रेघ ओढली.

"आग्नेय," ते म्हणाले. "या वर्षी ओकुसानसाठी सगळ्यात वाईट."

"काय म्हणतात?" तिने विचारलं.

"तुला आग्नेय वाईट आहे म्हणे या वर्षी."

"मग मुंबई जरा सरकवा म्हणावं."

त्यांनी दुसरी रेघ ओढली. आधी दिल्ली, ती पूर्वेला. पाच रात्री तिथे. मग दिल्लीहून दक्षिणेला मुंबई. दोन्ही दिशा निर्धोक. त्यांनी विमानांच्या वेळासुद्धा काढून आणल्या होत्या.

"दिल्लीत कोण आहे माझं?" ती म्हणाली. "धाप लागलेली बाई हॉटेलात पाच रात्री काय करणार, कुतुबमिनार चढणार?"

ती हसत होती. मला मात्र राग आला. तिच्यासमोर, ऑपरेशनच्या तोंडावर, हे बोलायला नको होतं. मी म्हणालो, "आम्ही शिकलेली माणसं आहोत. हे तुमच्याकडेच राहू द्या." इतक्या कडक आवाजात मी त्यांच्याशी कधी बोललो नव्हतो. त्यांनी नकाशाची गुंडाळी केली, तिच्यापुढे वाकले आणि गेले. जेवलेसुद्धा नाहीत.

ती सरळ मुंबईला गेली. एकटी गेली. माझ्या ताब्यातल्या कागदपत्रांचं ऑडिट होतं, ते संपवून ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मी पोहोचणार होतो. सुट्टी मागितली असती तर मिळाली असती. मी मागितली नाही. मग हॉस्पिटलात आधीची एक वेळ रिकामी झाली आणि ऑपरेशन तीन दिवस अलीकडे आलं. फोनवर ती म्हणाली, "अहो, धावपळ करू नका. होऊन जाऊ दे. तुम्ही याल तेव्हा मी उठून बसलेली असेन." मी पोहोचलो तेव्हा ती नळ्यांमध्ये होती. पाचव्या दिवशी गेली. तिने डोळे उघडले नाहीत.

परत कामावर आलो त्या दिवशी ते माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले. दिशेचा विषय त्यांनी त्या दिवशी काढला नाही, नंतरही नाही. रोज जेवणाच्या सुट्टीत आपला डबा घेऊन समोर येऊन बसत, एवढंच.

पण माझ्या डोक्यात ती रेघ बसली होती. मी आयुष्यभर पुस्तकं वाचलेला माणूस. मला ठाऊक होतं की झडप दिशेमुळे खराब होत नाही. तरी सकाळी दाढी करताना, सिग्नलला थांबलेलो असताना, मी दिल्लीच्या पाच रात्री मोजत असे. त्या पाच रात्री गेल्या असत्या तर ऑपरेशन लांबलं असतं, मी तिच्याजवळ असतो, कदाचित डॉक्टर दुसरा असता. मी त्यांच्या टेबलावरचं ते गणित इतकी वर्षं बघत आलो होतो की मला ते जवळजवळ येत होतं. गुपचूप मी तिचं वर्ष, तिचा तारा, सगळं पुन्हा मांडलं. दर वेळी आग्नेयच येई.

भोगीच्या दिवशी मी त्यांना जेवायला बोलावलं. बाजरीची भाकरी मला जमत नाही, ती एका ओळखीच्या बाईंकडून करून आणली. भाजी मी केली. वांगी, गाजर, पावटे, वरून तिळाचं कूट. ते गुदैबियावरून चहा घेऊन आले. पहिला घास घेऊन म्हणाले, "आज काय आहे?"

"आज तिचा वाढदिवस."

त्यांनी हात थांबवला. "ओकुसानचा वाढदिवस एक जून."

मग मी त्यांना सांगितलं. आमच्याकडे त्या काळी शाळेत नाव घालताना जन्माचा दाखला कुणी मागत नसे. मुलगी किती वर्षांची दिसते ते बघून मास्तर वर्ष ठरवत आणि शाळा जूनमध्ये सुरू होते म्हणून तारीख एक जून लिहून टाकत. आमच्या वयाच्या निम्म्या माणसांचा वाढदिवस एक जूनला असतो. तोच दाखल्यावर, तोच पासपोर्टवर, तोच इथल्या कार्डावर. "तिची आई सांगायची, भोगीला जन्मली, हिला खायला कधी कमी पडणार नाही. वर्ष तेच. महिना जानेवारी."

"जानेवारी," ते म्हणाले.

त्यांच्या गणितात माणसाचं वर्ष फेब्रुवारीच्या सुरुवातीला बदलतं. जानेवारीत जन्मलेलं मूल आदल्या वर्षाचं धरतात. वर्ष बदललं की तारा बदलतो, आणि तारा बदलला की वर्ज्य दिशा बदलतात. हे मलाही ठाऊक होतं, पण इतक्या महिन्यांत मला सुचलं नव्हतं. मी स्वतः तिच्या कार्डावरचीच तारीख धरून बसलो होतो.

आठ महिने न बोललेलं मी तेव्हा बोललो. "तुम्ही सांगितलं होतं. मी ऐकलं नाही. तिला मी पाठवलं. दिल्लीवरून पाठवली असती तर ती आज असती का?"

ते म्हणाले, "मला उद्यापर्यंत वेळ द्या." भाकरी संपवली, ताट स्वतः विसळलं आणि गेले.

ते गेल्यावर मी कागद घेतला. जानेवारी धरून तारा काढला. त्या वर्षीचा तक्ता मांडला. जूनच्या तारखेने आग्नेय वाईट होती. जानेवारीच्या तारखेने ती आणखी वाईट निघाली. मी तीनदा केलं. तिन्ही वेळा तेच.

दुसऱ्या दिवशी ते ऑफिसात सगळ्यांच्या आधी येऊन बसले होते. मी आत शिरताच उठले, माझ्यासमोर आले आणि वाकले. नेहमीसारखे नाही. कमरेतून पार खाली, आणि तसेच राहिले. सगळा मजला बघत होता. मी त्यांना खांद्याला धरून उठवलं.

"माझी चूक झाली," ते म्हणाले, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "मी चुकीच्या तारखेवर काम केलं. खऱ्या तारखेने ओकुसानला आग्नेय चांगली होती. अतिशय चांगली. तुम्ही बरोबर पाठवलं."

त्यांचे डोळे लाल होते. मी त्यांच्याकडे बघितलं आणि विचारलं, "मग ती का गेली?"

"दिशा चांगली होती," ते म्हणाले. "हृदय थकलेलं होतं."

मी "थँक यू" म्हणालो. मला बरं वाटलं, हे लिहायला संकोच वाटतो, पण वाटलं. गणित काय आहे ते माझ्या खिशातल्या कागदावर होतं, तरी वाटलं. त्या दुपारी मी बऱ्याच महिन्यांनी पोटभर जेवलो.

त्यानंतर त्यांनी कुणाचंही भविष्य पाहिलं नाही. हे लोकांच्या लक्षात यायला वेळ लागला. रिसेप्शनला एक मंगळुरी मुलगी आली होती, तिचं लग्न ठरत होतं. ती तारीख विचारायला गेली तर म्हणाले, "मशीन बंद आहे." तिने हट्ट केला तेव्हा हात झटकून म्हणाले, "मफी. खलास." म्हणजे अरबीत, नाही, संपलं. डावीकडचं कॅलेंडर नव्या वर्षी आलंच नाही. सह्या दुपारीही मिळू लागल्या. कडुनिंबावर उरलेल्या चिठ्ठ्या उन्हाने पांढऱ्या होऊन गळून गेल्या. मल्याळी मंडळी म्हणाली, गुरुजी म्हातारे झाले. मला कारण ठाऊक होतं. इतकी वर्षं त्यांनी कुणाला तोंडदेखलं चांगलं सांगितलं नव्हतं. वाईट निघालं तर वाईट सांगत. एकदा खोटं सांगितल्यावर पुन्हा त्या टेबलावर बसणं त्यांना जमलं नाही. आमच्याकडे जेवायला ते येत राहिले, ते मात्र सरळ नैऋत्येने, दहा मिनिटांत.

त्यांच्या बहिणीला पक्षाघाताचा झटका आल्याचा फोन आला त्या आठवड्यात त्यांनी नोकरी सोडली. मी त्यांना विमानतळावर सोडायला गेलो. सकाळची वेळ होती, दमट, काचेवर बाहेरून पाणी साचत होतं. दुबईला विमान बदलून ते थेट जपानला जाणार होते. दोन तासांच्या थांब्याने दिशा बदलत नाही, हे त्यांनीच मला शिकवलं होतं. पार्किंगमध्ये गाडी थांबवली तरी ते उतरले नाहीत. सीटच्या पट्ट्यावर हात ठेवून समोर बघत बसले.

मला तेव्हा सांगायचं होतं. सगळं वाक्य तयार होतं. मला माहीत आहे, आणि तरीही तुम्ही मला जगवलंत. इंग्रजीत ते फार मोठं वाटत होतं.

"जानेवारीचा हिशोब अवघड असतो," ते म्हणाले. "सवय नसलेल्या माणसाने तो करू नये."

"हो."

"तुम्ही कधी केला का?"

इतक्या वर्षांत त्यांनी मला रक्तगटाशिवाय दुसरा खासगी प्रश्न विचारला नव्हता.

"नाही," मी म्हणालो. "मला तो येतच नाही."

त्यांनी दोनदा मान हलवली, खिशातून रुमाल काढून चष्मा पुसला, आणि मग पट्टा सोडला.